गादीवरची खार

खार गादीवर चढली तेव्हा गादीवाला चहाची बशी तोंडाला लावून बसला होता. दुकानाच्या मधोमध नवी गादी पसरलेली. सकाळी कापूस भरून झाला होता, तोंड शिवून झालं होतं, काठीने बडवून बडवून त्याने ती चारी अंगांनी सारखी केली होती. आता वरून टाके घालायचे तेवढे उरले होते, आणि ते काम त्याच्या बायकोचं. ती दाभणात दोरा ओवत होती.

"आल्या ठकूबाई," ती म्हणाली. "बघू, पसंत पडते का."

ठकी या टोकाकडून त्या टोकाला धावली, मध्येच थबकली, शेपटी फुलवली, पुन्हा उलटी धावली. शेजारचा न्हावी, गिऱ्हाईक नसलं की इथेच चौकटीला टेकून उभा असायचा.

"वहिनी, परीक्षा चाललीय तुमच्या गादीची. कुठे खड्डा राहिलाय ते शोधतेय."

"खड्डा? आणि माझ्या गादीत?" गादीवाला म्हणाला. "अरे, हात भरून येईस्तोवर बडवलीय. बोट रुतायचं नाही."

तिघंही हसले.

दिवसातली ही घटका तिघांच्याही आवडीची. ठकी यायची, कोपऱ्यातल्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात शिरायची, बाहेर यायची. पहिल्यांदा बायकोनेच तिच्या वाटेवर कापसाचा पुंजका ठेवला होता, घे बाई, तुझंही घर होऊ दे म्हणून. अलीकडे मात्र खार येताना रिकाम्या तोंडाने यायची नाही. कधी काथ्या, कधी सुतळीचं टोक, कधी न्हाव्याच्या दारातले केस. "प्रामाणिक आहे हो," न्हावी म्हणायचा. "नेलेल्याची परतफेड करतेय." त्यावर तिघं पोट धरधरून हसायचे.

तो ढीग आज सकाळी गादीवाल्याने कवेत धरधरून खोळीत भरला होता.

ठकी आता गादीच्या एका कडेला थांबली आणि पुढच्या पायांनी कापड ओरबाडू लागली.

"ए ए, फाडशील! संध्याकाळी न्यायला येतायत." गादीवाला म्हणाला.

"नाचू दे की तिला," न्हावी म्हणाला. "वारं शिरलंय अंगात."

बायकोही हसत होती. तेवढ्यात खार मागच्या पायांवर उभी राहिली, थेट तिच्याकडे तोंड करून, आणि चिरकली. पोटावरची लव ओली होती. जागोजागी चिकटून बसलेली, आणि तिच्यातून दुधाने भरलेली आचळं वर आलेली.

बायकोचं हसू ओठांवरच राहिलं.

"अहो," ती म्हणाली. "व्यालीय ही."

"कोण?"

तिने कात्री ओढली आणि गादीचं तोंड उसवायला घेतलं. टाके तिचेच, घट्ट, एकाला एक लागून. ते तिच्याच्याने लवकर निघेनात.

"अगं, काय करतेस? आत्ताच शिवलीस ना?" म्हणता म्हणता गादीवाला थांबला. त्याने कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेल्या काठीकडे. बशी त्याने खाली ठेवली.

बायकोचा हात कोपरापर्यंत कापसात गेला होता. बोटांना काथ्याची गुंडाळी लागली. तिच्या आत मऊ, उघडंवाघडं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी. एकाला चाचपलं. दुसऱ्याला. अंगठ्याने हलकेच गोंजारलं आणि वाट पाहिली.

"आहेत का गं?"

ती अजून वाट पाहत होती.

"बोल ना. मी सकाळी केवढ्या जोरात..." इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

"आहेत," ती म्हणाली. "सगळी आहेत. एवढ्या कापसात त्यांना काय होतंय?"

"हलतायत?"

"हलतायत. माझ्या हाताला कळतंय ना."

तिने गुंडाळी बाहेर काढली ती ओंजळीत झाकूनच. त्याच्याकडे पाठ करून ती भिंतीपाशी नेऊन ठेवली. "मागे व्हा दोघं. जवळ आलात तर यायची नाही ती."

ठकी आली. तिने हुंगलं. चाटलं. नाकाने ढकललं, पुन्हा चाटलं. फार वेळ चाटत राहिली. मग एकाला तोंडात धरलं आणि भिंतीवरून छपराकडे निघाली.

गादीवाला होता तिथेच जमिनीवर बसला. कपाळावर घाम, आणि घामाखालून फुटलेलं हसू.

"नेतेय गं! बघ, बघ कशी नेतेय! सावकाश जा गं बाई, पाडशील लेकराला."

न्हावीही मान वर करून पाहत होता. जितं पिल्लू आईच्या मानेला विळखा घालून बसतं, हे त्याने स्वतःच्या छपरावर कितीदा पाहिलं होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी त्याच्याकडेच बघत होती.

न्हाव्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, उगीच झटकला.

"नेणारच की," तो म्हणाला. "आई आहे ती."

वर, छपराच्या फटीशी, पिल्लाचे पाय सरळ लोंबत होते. ठकीने त्याला आत सारलं आणि दुसऱ्यासाठी ती घाईघाईने खाली उतरू लागली.