गाडीच्या कपाळावरची पाटी

फाटकाशी गाडी लावून मामा खाली उतरला, सवयीने वर बघितलं आणि तो जागीच थांबला. गाडीच्या कपाळावर भलत्याच धर्माची पाटी होती.

नगरपालिकेची शववाहिका तो एकवीस वर्षं चालवत होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, पण मामाच्या गाडीत बसायची घाई कुणालाच नसायची; हा विनोदही त्याचाच. गाडी एक आणि गावात धर्म चार, म्हणून पत्र्याच्या पाट्या चार. पुढच्या काचेच्या वर एक खाच होती. जो गेला त्याच्या धर्माची खूण तिच्यात सरकवायची. संध्याकाळी गाडी धुताना पाटी काढायची आणि सकाळी निरोप आला की दुसरी लावायची, हा त्याचा नेम. काल नळाला पाणी नव्हतं. गाडी धुतली नाही, म्हणून पाटी निघाली नाही. सकाळी खाच भरलेली दिसली आणि हात तिकडे गेलाच नाही. एकवीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं, आणि झालं तेही नेमकं आज.

आज गाडीत चावीवाले होते. गावातल्या निम्म्या घरांची कुलपं त्यांनी कधी ना कधी उघडून दिली होती. भांडून माहेरी गेलेल्या बाईने कुलूप लावून ठेवलेलं कपाट असो की आजोबांच्या पेटीचं गंजलेलं कुलूप, बोलावणं त्यांनाच. महिन्यापूर्वी गावात धर्मावरून पेटलं, तेव्हा त्यांच्या दुकानाचं कुलूप पहारीने फोडलं गेलं. कुणी फोडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीतली पोरं होती ती. बोललं मात्र कुणीच नाही. चावीवाल्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच, आणि काल रात्री ते गेले.

पोलिसांनी मोठा रस्ता बंद ठेवला होता, त्यामुळे गाडी न्यायची झाली तर त्याच गल्लीतून. मामाचा जीव मुठीत होता. गल्ली अरुंद, गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. आणि बघतो तो काय, पायऱ्यांवर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली. कुणीतरी वाटेतली हातगाडी ओढून बाजूला घेतली. एका बाईने रेडिओ बंद केला. मामाने मनात म्हटलं, सुटलो बुवा. मग आरशात दिसलं की दहाबारा माणसं गाडीमागून चालत येताहेत. तेव्हा तो जरा चक्रावला होता. आता फाटकाशी उभं राहिल्यावर त्याला सगळा उलगडा झाला. पाटी त्या गल्लीच्या धर्माची होती. आपलाच कुणी चाललाय असं समजून ती माणसं उठली होती.

मागचं दार उघडून चावीवाल्यांचा मुलगा उतरला. पाठोपाठ काठी टेकत त्याचा म्हातारा काका. बाकीचे नातेवाईक भीतीने घरीच राहिले होते. फाटकातून आत अंत्यविधीच्या जागेपर्यंत तीस पायऱ्या चढायच्या आणि लोखंडी स्ट्रेचरला मुठी चार. मुलगा एक, मामा दोन; काकाला स्वतःचंच अंग जड झालेलं. मुलाने पाटीकडे बघितलं, मागून येणाऱ्या माणसांकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

मामाने हात जोडले, नळाला पाणी नव्हतं इथपासून सगळं सांगितलं. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो, म्हणाला, पण आत्ता गप्प राहू या. ही माणसं खांदा द्यायला आलीत. देऊ दे. एकदा वर पोचलं की मग बघू. खरं कळलं तर इथेच राडा होईल, आणि तुझ्या वडिलांची परवड होईल.

मुलाने वर पायऱ्यांकडे बघितलं. बाप पायऱ्यांखाली पडून राहायला नको, हे त्यालाही कळत होतं. शेवटी त्याने मान हलवली.

"नाही मामा. बाबांनी आयुष्यात खोटी चावी करून दिली नाही कुणाला. फसवून खांदा नको. जाऊन सांगा त्यांना."

आता सांगायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. मामाने खाचेतली पाटी ओढून काढली, पाठीमागे लपवली, मग लाज वाटून पुन्हा समोर धरली. माणसं फाटकाशी येऊन थांबली होती. सगळ्यांपुढे गल्लीतला म्हातारा शिंपी होता, चालून चालून धापा टाकणारा. त्याच्यामागे दोन-तीन तरणी पोरं खाली मान घालून उभी होती. मामाने घसा खाकरला. आत चावीवाले आहेत, तुमच्यातले कुणी नाहीत, पाटी माझ्या हातून चुकून राहिली, माफ करा, असं एका दमात बोलून त्याने डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर शिंप्याने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि तो गाडीच्या मागच्या दाराकडे निघाला होता.

"आत चावीवाले आहेत हे आम्हाला सकाळपासून माहीत आहे," तो म्हणाला. "पाटी बघून वाटलं, आमच्या भीतीने मुद्दाम लावलीत. मेल्यावरसुद्धा त्यांना आमच्या गल्लीतून लपून जावं लागावं, हे काही बघवलं नाही. म्हणून मागोमाग आलो."