आईचं उष्टं

यंत्राने इरावतीच्या दुखऱ्या दाढेवरचा लाळेचा थेंब तपासला आणि जंतू कुणाकडून आले ते नाव पडद्यावर उमटलं: आई, मालविका साने.

"कीड आईकडून आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात किडलेले असणार तिचे. घास चाखून, फुंकून भरवला की जंतू बाळाच्या तोंडात जातात."

"ताईला स्वतःच्या दातांकडे बघायला वेळ कुठे होता!" मावशी पुटपुटली.

सात वर्षांच्या इरावतीचे डोळे मात्र लखकन चमकले. आई जाऊन चार वर्षं झाली होती, तिचा आवाजसुद्धा आठवत नव्हता, आणि आईचं काहीतरी चक्क आपल्या तोंडात जिवंत होतं!

"या औषधाने चूळ भर, सगळे जंतू मरतील."

इरावतीने तोंड घट्ट मिटलं.

"अगं, दाढ जाईल ना!" मावशी कळवळली.

"एक तरी ठेवा."

"एक राहिला तरी कीड परत येते, बाळा."

इरावतीने जरा विचार केला. मग आपली पाण्याची बाटली तोंडाला लावून ती घोटभर प्यायली आणि बाटली मावशीपुढे धरली.

"तू सांभाळशील आईला?"

मावशी जन्मात कुणाचं उष्टं पाणी प्यायली नव्हती. तिने बाटली घेतली आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

तेव्हा कुठे इरावतीने आ केला.