बॉनेटच्या स्प्रिंगा

वारंगा फाट्यावरच्या मेकॅनिकनं शिवहाररावांच्या जुन्या अँबॅसिडरच्या बॉनेटला नव्या स्प्रिंगा बसवल्या. एका बोटानं उचललं तसं बॉनेट वर जाऊन थांबलं. “काका, जुन्या पार ढिल्या पडल्या होत्या. आजवर काहून बदलल्या न्हाई?” “धरायला माणूस होतं,” एवढंच ते बोलले. माणूस म्हणजे त्यांची सिंधूबाई. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं असलं की चुलीपुढून उठून ती पिठाच्या हातांनीच बॉनेट तोलून धरायची अन् कुरकुरायची, “उरका बरं, भाकर करपून राहिली.” पोळ्याला तिला जाऊन वर्ष झालं; तेव्हापासून गाडी अंगणात उभीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंद्यात, अंगणात, त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून सावकाश पाणी ओतलं, झाकण घट्ट बसवलं. मग मान बाहेर काढून सवयीनं म्हणाले, “झालं बग, सोड आता.” आणि धाडकन येणाऱ्या आवाजाची वाट बघत उभे राहिले. बॉनेट वरच राहिलं.