घरातलंच उदाहरण

"त्या रुंद खुर्चीत बसा, ऐसपैस बसता येईल," संशोधक म्हणाला.

"हीच बरी आहे." आई समोरच्या हातांच्या खुर्चीत नेटानं बसली. खुर्ची करकरली. आईनं तिच्याकडे असं काही पाहिलं, की पुन्हा आवाज करायची तिची टाप झाली नाही.

मुलगी दाराजवळच्या स्टुलावर टेकली. कॉलेजच्या वयाची, शेलाटी. खिडकीतून उन्हाची झळ येत होती, तरी अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरीचा स्वेटर, आणि हात बाह्यांत ओढून घेतलेले. बुजरी दिसते, संशोधकाला वाटलं. आईबरोबर अशा ठिकाणी यायचं म्हणजे पोरीला अवघडल्यासारखं होणारच.

माणसं भूक नसताना का खातात, हा त्याचा विषय. उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्यात घातली होती. शेजारच्या खोलीत तो लोकांना जेवू घालायचा. कधी मोठ्या ताटात, कधी लहान, कधी समोर टीव्ही लावून. कोण किती खातं ते काचेआडून बघायचा. जाड माणसांवर चिडायचं नाही, त्यांना समजून घ्यायचं, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. आणि खरंच, तो कधी चिडत नसे.

"डॉक्टर, मी फोनवर सांगितलं होतं, खाण्याची तक्रार आहे. म्हणजे असं की..."

"कळलं मला," तो मऊ आवाजात म्हणाला. "संकोच करू नका. इथं कुणी हसत नाही. सकाळी काय खाता?"

आईनं मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी? अंडी, पाव, चहा."

"आणि मधल्या वेळी?"

"हाताला लागेल ते. केळं, शेंगदाणे. पाळणाघर चालवते मी. दिवसभर लेकरांच्या मागं पळायचं, तर भूक लागणारच."

"ती खरी भूक असते, की नुसती सवय?"

"भूक माझी आहे, डॉक्टर. मी तिला चांगली ओळखते."

"आई, नको ना," मुलगी पुटपुटली.

संशोधकानं शांतपणे लिहून घेतलं. अशी माणसं आधी अंगावर येतात, मग रडतात, मग ऐकतात. तो रडण्याची वाट बघू लागला. पण बाईंची तशी काही चिन्हं दिसेनात.

"मनावर ताण असला, की जास्त खाल्लं जातं का?"

"उलट. हल्ली तर घास उतरत नाही घशाखाली."

त्याची भुवई तेवढी वर गेली. आईला ती दिसली.

"नाही ना पटत? तुम्ही आधी माझं पुरतं ऐकून घ्या. मी आले ते..."

"पटण्या न पटण्याचा प्रश्न नाही, ताई. वजन करून मग बोलू." त्यानं कोपऱ्यातल्या काट्याकडे हात केला.

"मी नाही चढणार."

"सगळे आधी असंच म्हणतात."

"सगळ्यांचं मला ठाऊक नाही." आईचा आवाज चढला. "या अंगानं मी घर ओढलंय. नवऱ्याचं आजारपण काढलंय. हिला कडेवर घेऊन पाण्याच्या बादल्या वर नेल्यात. त्याची लाज वाटून घ्यायला मी इथं आलेली नाही!"

संशोधकानं पेन खाली ठेवलं. वाद घालून माणूस दुरावतो, हे त्याला माहीत होतं. घरातलंच कुणी दाखवलं की मात्र वळतो. तो मुलीकडे बघून हसला.

"हिच्याकडे बघा ना जरा. तुमच्याच घरात वाढली, तुमच्याच हातचं खाऊन. किती छान राखलंय तिनं स्वतःला! मनावर ताबा म्हणतात तो हा. दुसरीकडे कुठं जाऊ नका, ताई. हिच्याकडूनच शिका."

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. ती हसली. चेहरा असा उजळला, की संशोधकालाही बरं वाटलं.

आईचे डोळे मात्र भरून आले. चला, त्यानं मनात म्हटलं, आता ऐकतील.

आई उठली. काट्याकडे न जाता ती मुलीकडे गेली. तिच्या काखेत हात घालून तिनं तिला उभं केलं, चालवत आणलं आणि काट्यावर चढवलं. मग स्वतःच्या हातानं तिची बाही वर सारू लागली. मुलगी हात मागं ओढत होती. आईनं सोडला नाही.

"आधीच्या दोन्ही डॉक्टरांनी हिचं कौतुकच केलं," ती म्हणाली. "म्हटलं, खाण्याचाच अभ्यास करणारा माणूस तरी ओळखेल. परवा जिन्यात कोसळली ही. दाखवायला आणलंय ते हिला, डॉक्टर. बघा हा हात. आणि आता पुन्हा म्हणा, हिच्याकडून शिका."