छत्रीवाला कुठल्या पानावर?

"त्या छत्रीवाल्याची गोष्ट तर थेट काळजाला भिडली," असं म्हणून यांग खाली बसला. बैठकीत छत्रीवाल्याचं कौतुक करणारा तो चौथा.

दक्षिण कोरियातल्या देगू शहराजवळच्या या भाताच्या कुकरच्या कारखान्यात मालक कू साहेब दर महिन्याला नव्या तंत्रज्ञानावरचं एखादं जाडजूड पुस्तक वाटत आणि सोमवारी सकाळी त्यावर सगळ्या विभागप्रमुखांना बोलायला लावत. शिवाय पहाटेपासून फोनवर लेखांचा मारा असायचाच. 'हे वाचाच.' 'हेही वाचा, जग कुठल्या कुठे चाललंय!'

आज मात्र नुसतं बोलणं नव्हतं. टेबलावर नव्या कुकरचे दोन नमुने होते आणि त्यातला एक आज ठरायचा होता. विक्री बघणाऱ्या यांगच्या कुकरला हातभर पडदा होता. त्यावर चाळीस प्रकारचे भात, पौष्टिकतेची माहिती, हवामान, वर ताज्या बातम्या. दुसरा कुकर, त्याची रचना करणाऱ्या सन-ही प्योचा. त्याला एकच बटण होतं. ते एक बटण पुरेसं व्हावं म्हणून तिनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

"बघा ना," यांग पुन्हा अर्धवट उठला. "त्यानं छत्रीच्या दांड्यात रेडिओ बसवला आणि धंदा दुप्पट झाला. गिऱ्हाईकाला जितकं जास्त द्याल तितकं ते खूश!"

"माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं वाचताना," कू साहेब म्हणाले. "मग पडद्याचाच ठरवू या."

सन-हीनं ते पुस्तक मेट्रोत उभ्यानं, लेखकाच्या नावानं बोटं मोडत, पण शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यात छत्रीवाला नव्हता. साधी छत्रीसुद्धा नव्हती. सगळ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून एकच सारांश काढून घेतला होता आणि यंत्रानं हा गृहस्थ पदरचा घुसडला होता. मालकांनीही तोच सारांश वाचला होता, हे तिला आत्ता कळलं. मालकाला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे राजीनामा खिशात ठेवूनच बोलायला हवं. पण गप्प बसलं तर वर्षाची मेहनत मातीत जाणार होती. आणि आपला कुकर चांगला आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"साहेब, छत्रीवाला पुस्तकात नाहीये."



"घाईत पान सुटलं असेल, मॅडम," यांग हसून म्हणाला.

"घाईत असते तर मलाही सापडला असता."

कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. कू साहेबांचे कान लाल झाले. सन-हीनं आवाज खाली आणला, पण शब्द गिळले नाहीत.

"साहेब, इथं आळशी कुणीच नाही. वाचणं हे आपलं कामच आहे, त्याचा पगार मिळतो. तरी आपल्याच्यानं एक पुस्तक पुरं होत नाही. मग दिवसभर राबून घरी आलेली बाई कुकरसमोर उभी राहून चाळीस ओळी वाचेल होय? तिला भूक लागलेली असते. तिला भात हवा असतो."

बोललेल्यातला एक शब्दही सन-हीला परत घ्यावासा वाटत नव्हता.

कू साहेबांनी तिचा कुकर पुढ्यात ओढला. झाकणावरून हात फिरवला. बोटांनी चाचपत बटण शोधलं, दाबलं, पुन्हा दाबलं.

"प्यो मॅडम," ते कुकरवरून नजर न उचलता म्हणाले, "हे बटण अजून मोठं करा. चष्मा लावूनही मला हल्ली अक्षर लागत नाही."