मीठबंदी

“सर, तुमच्या लघवीत आणि नळाच्या पाण्यात फारसा फरक नाही,” रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाली. माझीच जुनी विद्यार्थिनी. “रक्तातलं सोडियम एकशे सोळा. निदान एकशे पस्तीस हवं, नाहीतर डोकं चालेनासं होतं!”

बत्तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून कुणीही न सांगता घरातच मीठबंदी जाहीर केली. पापड नाही, लोणचं नाही, वर रोज सहा लिटर पाणी. कुमुद, माझी बायको, निमूटपणे अळणी आमटी वाढायची. सोसायटीत मी सांगत फिरायचो, “शिस्त शिकावी तर आमच्या हिच्याकडून.”

काल सकाळी मी चपला फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तिलाच विचारलं, “बाई, आपण कोणाकडे आलात?” तिनं तडक रिक्षा बोलावली. तिचं नाव मला आठवलं ते आज, दवाखान्यात, सलाईन संपत आल्यावर.

डॉक्टरनं तिचंही रक्त तपासलं होतं. “काकूंचं सोडियम मात्र उत्तम. जेवण दोघांचं एकच ना?”

कुमुदनं पर्समधून लिंबाच्या लोणच्याची इवलीशी बरणी काढली. “हरभऱ्याच्या डब्यात लपवलेली असते,” ती म्हणाली. “तुम्ही आंघोळीला गेलात की खाते.”

एरवी मी तासभर भाषण ठोकलं असतं. पण नशीब, घरात एक माणूस तरी माझं ऐकत नव्हतं.

मी बरणीपुढे तळहात केला.