एक पाऊल पुढे

तबला थांबला की पाऊलही थांबलं पाहिजे, हा शालनताईंच्या गाण्याच्या वर्गातला नियम. मुलं डोळे मिटून गोल फिरायची आणि समेवर एकदम थांबायची. एकट्या शर्वरीचं पाऊल मात्र हमखास पुढे पडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत शर्वरी तापाने गेली. वर्ग पुन्हा सुरू झाला, ताईंनी तबला थांबवला आणि त्या शांततेत एक पाऊल वाजलं. ताईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पण रोज तबल्यावर हात ठेवून त्या ते पाऊल ऐकायला थांबू लागल्या.

एके दिवशी पाऊल वाजल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "कोण चालतं रे?"

तन्मयने मान खाली घातली. "आम्हीच, ताई. पाळीपाळीने. पहिल्यांदा माझं चुकून पडलं, तर तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ठरवलं, तिचं पाऊल चुकवायचं नाही."

ताईंनी त्याला जवळ घेतलं. मग म्हणाल्या, "आज कुणाची पाळी होती?"

"रेवतीची," तो म्हणाला आणि त्याने मुलांवरून नजर फिरवली. "पण ती आज आलीच नाही."